अ‍ॅपच्या हाताखाली काम करताना आपला काटा आपल्याकडे ठेवा

कोल्हापूर जिल्ह्यातले पुष्कळ शेतकरी ऊस कारखान्यात घालण्याआधी ट्रॉली बाहेरच्या काट्यावर नेतात. वजनाची पावती खिशात टाकतात आणि मगच गेटच्या रांगेत लागतात. कारखान्याचा काटा खरा असेलही, पण तो कारखान्याचा असतो. आपला आकडा हातात असला तर दोन आकडे शेजारी ठेवून विचारता येतं.

अ‍ॅपवर डिलिव्हरी करणाऱ्यांना आणि चेहरा दाखवून हजेरी लावणाऱ्यांना मला हीच सवय लावायची आहे.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत नऊ वर्षं काम केलं, त्यानंतर साडेतीन वर्षं दुचाकीवर जेवण पोहोचवलं. फौंड्रीत मुकादम होता. तो कडक होता, पण समोर होता. "पोराला सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचंय" म्हटलं की शिव्या घालून का होईना, सोडायचा. डिलिव्हरीत एका जुलैच्या संध्याकाळी माझी आयडी (अ‍ॅपवरचं खातं) बंद पडली. कारणाच्या जागी एकच ओळ : 'नियमांचं उल्लंघन'. कोणता नियम, कुठल्या दिवशी, कोणत्या ऑर्डरला, काहीच नाही. टीएलला, म्हणजे कंपनीच्या टीम लीडरला, फोन केला तर तो म्हणाला, "सिस्टीमनं केलंय भावा, माझ्या हातात नाही." अकरा दिवसांनी आयडी सुरू झाली, तीही कारण न सांगता. त्या अकरा दिवसांत मी काहीच सिद्ध करू शकलो नाही, कारण माझ्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. माझा सगळा हिशोब त्यांच्याच अ‍ॅपमध्ये होता आणि त्या अ‍ॅपचं दार बंद होतं.

त्यानंतर मी लिहायला लागलो, आणि हळूहळू इतरांच्या तक्रारी लिहून द्यायला लागलो. त्यातून जे हाती आलं ते पायरीपायरीनं मांडतो.

पहिली पायरी : अ‍ॅपमधला मुकादम काय काय करतो ते ओळखा

'अल्गोरिदम' म्हणजे काही जादू नाही. ती नियमांची साखळी असते : अमुक झालं तर तमुक कर. कामगारांवरचा कारभार अशा साखळीकडे सोपवण्याला अल्गोरिदमिक मॅनेजमेंट म्हणतात. हे नाव 2015 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी उबर आणि लिफ्टच्या चालकांचा अभ्यास करताना वापरलं. 2020 मध्ये दुसऱ्या काही अभ्यासकांनी या कारभाराची सहा कामं सांगितली : अडवणं, सुचवणं, नोंदणं, गुण देणं, बदली माणूस आणणं आणि बक्षीस देणं.

ही सहा कामं कोल्हापुरात राजारामपुरीत उभं राहून बघा. ऑर्डर घेण्याआधी ग्राहकाचा पूर्ण पत्ता दिसत नाही, हे अडवणं. 'ताराबाई पार्कात मागणी जास्त आहे, तिकडे जा' हे सुचवणं. हॉटेलात कधी पोहोचलात, पार्सल कधी उचललंत, वाटेत कुठे थांबलात, हे नोंदणं. ग्राहकाचे तारे आणि नाकारलेल्या ऑर्डरींची टक्केवारी, हे गुण. आयडी बंद करून ती ऑर्डर दुसऱ्याला देणं, ही बदली. आणि 16 ऑर्डरींवरचा इन्सेंटिव्ह हे बक्षीस.

तुमच्या अ‍ॅपमध्ये ही सहा कामं कुठल्या पानावर दिसतात ते एकदा निवांत बसून शोधा. करारपत्र आणि अटी मेनूच्या तळाशी असतात. त्या उघडून प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. अटी बदलतात तेव्हा 'मान्य आहे' असं बटण येतं आणि आपण सिग्नलवर उभं राहून ते दाबतो. जुनी प्रत जवळ नसेल तर काय बदललं हे कधीच कळत नाही.

आत कोणत्या गोष्टीला किती वजन दिलंय ते आपल्याला दिसत नाही. म्हणून 'रोज सकाळी आठला लॉगिन केलं की लांबची ऑर्डर पडत नाही', 'फोन बंद-चालू केला की ऑर्डर पडते' अशा गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यातली एखादी खरीही असेल. पण तपासल्याशिवाय त्यावर दिवस घालवू नका. तपासायचं कसं ते चौथ्या पायरीत सांगतो.

दुसरी पायरी : रोजमेळ

सगळ्यात जास्त फायदा इथंच आहे, म्हणून थोडं सावकाश.

शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये नको, कारण मोबाईल हरवतो, फुटतो, पावसात बंद पडतो. प्रत्येक दिवसाला एक पान. वरच्या बाजूला तारीख, लॉगिनची वेळ, लॉगआऊटची वेळ, गाडीचं मीटर सुरुवातीला आणि शेवटी. खाली प्रत्येक ऑर्डरला एक ओळ : ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, स्वीकारल्याची वेळ, हॉटेलात पोहोचल्याची वेळ, पार्सल हातात आल्याची वेळ, दिल्याची वेळ, अ‍ॅपनं दाखवलेलं अंतर, मीटरवरचं अंतर, मिळालेले पैसे. ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर मात्र लिहू नका. ते आपलं नाही आणि उद्या तेच आपल्यावर उलटेल.

ऑर्डरीमागं वीस सेकंद लागतात. हॉटेलात आपण उभेच असतो, तेव्हा लिहून होतं.

आता हिशोब. उदाहरणादाखल एक दिवस धरू. 10 तास लॉगिन, 90 किलोमीटर, अ‍ॅपवर कमाई 700 रुपये. गाडी लिटरला 45 देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर 2 लिटरचे 210. टायर, ऑईल, चेन, ब्रेक, सर्व्हिसिंग मिळून किलोमीटरला 80 पैसे धरले, तर 72. रिचार्ज आणि किरकोळ 18. खर्च 300, हातात 400, म्हणजे तासाला 40 रुपये. अ‍ॅपवर मोठ्या अक्षरात 700 दिसतात. घरी 400 जातात.

महिनाभर असं लिहिलं की दिवसाचे तुकडे वेगळे दिसायला लागतात. दुपारी बारा ते तीन तासाला किती, तीन ते सहा किती, रात्री किती. माझ्या वहीत तीन ते सहा हा काळ जवळजवळ फुकट जायचा. मी राजारामपुरीच्या मेन रोडला गाडीवर बसून वाट बघायचो आणि त्याला 'ड्युटी' म्हणायचो. ते आकडे बघितल्यावर दुपारी घरी जाऊन झोपायला लागलो. महिन्याची कमाई फारशी घटली नाही.

इन्सेंटिव्हचाही हिशोब याच वहीतून करा. समजा 16 ऑर्डरींवर 150 रुपये जादा आहेत आणि रात्री साडेदहाला तुमच्या 14 झाल्यात. उरलेल्या दोनसाठी पावणेबारापर्यंत थांबलात. दोन ऑर्डरींचे 70 आणि इन्सेंटिव्हचे 150, असे 220. एक ऑर्डर कळंब्याच्या पुढे पडली, एकूण 22 किलोमीटर झाले. पेट्रोल आणि झीज धरून किलोमीटरला 3 रुपये 13 पैसे, म्हणजे 69 रुपये खर्च. हातात 151. सव्वा तासाला 151 म्हणजे चांगलेच.

पण ऑर्डर रोज पडत नाही. समजा महिन्यात 12 रात्री असा पाठलाग केला आणि 4 रात्रीच आकडा गाठला. उरलेल्या 8 रात्री एकच ऑर्डर मिळाली, 35 रुपयांची, 11 किलोमीटरची, म्हणजे हातात एक रुपया. आता बेरीज : 604 आणि 8, असे 612 रुपये, 15 तासांत. तासाला 41 सुद्धा भरत नाहीत. दिवसाच्या दराइतकंच झालं, तेही रात्री अकराच्या पुढे, झोपाळलेल्या डोळ्यांनी. तुमचे आकडे वेगळे निघतील, कदाचित चांगलेही निघतील. पण गाठला तो दिवस लक्षात राहतो आणि हुकलेले आठ विसरतात. वहीत मात्र बाराच्या बारा रात्री असतात.

तिसरी पायरी : पुरावा असा ठेवा की टिकेल

वही आपल्या हिशोबासाठी आहे. भांडणासाठी तिला स्क्रीनशॉटची जोड लागते. रोज लॉगआऊटच्या आधी चार गोष्टींचे स्क्रीनशॉट घ्या : दिवसाची कमाई, ऑर्डरींची यादी, रेटिंगचं पान आणि त्या दिवशीचा इन्सेंटिव्हचा तक्ता. इन्सेंटिव्हचा तक्ता सकाळीसुद्धा घ्या, कारण सकाळचा आणि रात्रीचा वेगळा निघाला तर फक्त सकाळचा फोटोच तुमच्या बाजूनं बोलतो. स्क्रीनवर तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. आठवड्याच्या पे-आऊटच्या दिवशी बँकेच्या मेसेजचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका.

स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवलेली बारीक प्रत मूळ म्हणून ठेवू नका. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाईल आणि शक्य झालं तर तोच फोन जपला असेल तर वकिलाचं काम सोपं होतं. फोन बदललात तर सगळं आधी ईमेलवर किंवा पेनड्राईव्हवर काढून घ्या. आयडी बंद होते तेव्हा अ‍ॅपमधला इतिहासही दिसेनासा होतो. आधी काढलेलं असेल तेवढंच आपलं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. लोकेशन खोटं दाखवणारी अ‍ॅप्स, भाड्यानं घेतलेली आयडी, दुसऱ्याच्या नावावर चालवलेली गाडी, यांच्या नादाला लागू नका. पकडले जाल हे एक कारण आहेच. पण खोट्या लोकेशनवर केलेली एक ऑर्डर वर्षभराच्या खऱ्या वहीची किंमत घालवते. भाड्याच्या आयडीवर अपघात झाला तर विम्याच्या कागदावर तुमचं नावच नसतं.

चौथी पायरी : दोघांनी मिळून चाचणी

एकट्याच्या वहीतून 'मला कमी ऑर्डरी पडतात' हे सिद्ध होत नाही. मागणीच कमी असेल. तुलना लागते, आणि तुलनेला दुसरा माणूस लागतो.

आम्ही असं केलं. दोघं जण, एकाच कंपनीचे, एकाच झोनचे. सलग चार संध्याकाळी सात ते नऊ राजारामपुरीत एकाच ठिकाणी शेजारी गाड्या लावून सुरुवात. कुणाला किती वाजता कोणती ऑर्डर आली, किती अंतराची, किती पैशांची, हे दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं. दिल्यावर परत त्याच जागी यायचं. पहिले दोन दिवस दोघांनीही आलेली प्रत्येक ऑर्डर घ्यायची. पुढचे दोन दिवस एकानं लांबच्या दोन ऑर्डरी नाकारायच्या, दुसऱ्यानं सगळ्या घ्यायच्या. बाकी काही बदलायचं नाही.

नाकारल्यावर पुढची ऑर्डर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पण तिसऱ्या दिवशी पाऊस होता, आणि पावसात सगळंच हलतं. म्हणून दोन आठवड्यांनी कोरड्या दिवसांत पुन्हा केलं, तेव्हा फरक लहान निघाला. म्हणजे 'नाकारलं की शिक्षा होते' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते आमच्या आकड्यांतून अर्धंच उतरलं. सांगायचं एवढंच की एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीत किंवा शाहू स्टेडियमला फुटबॉलची फायनल असताना चाचणी करू नका. त्या दिवशी रस्तेच वेगळे असतात.

पाच-सहा जणांनी असे आकडे एकत्र केले तर ते टीएलसमोर ठेवता येतात. 'आमच्यावर अन्याय होतो' या वाक्याला उत्तर देणं सोपं असतं. 'या आठ संध्याकाळी, या जागेवर, मीटरवरचं अंतर आणि अ‍ॅपचं अंतर यात एवढा फरक पडला' याला उत्तर द्यायला कुणाला तरी कागद उघडावा लागतो. आमच्या एका गटाला बावड्याकडच्या ड्रॉपचं अंतर असंच दुरुस्त करून मिळालं. अ‍ॅप सरळ रेषेच्या जवळचं अंतर धरत होतं, आणि आम्ही वळसा घालून जात होतो.

पाचवी पायरी : पाणी वाढतं तेव्हा

हे कोल्हापूरकरांसाठी वेगळं लिहावंच लागेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी होतं. नकाशा मात्र रस्ता बंद झाल्याचं उशिरा शिकतो, आणि अ‍ॅप त्याच नकाशावरून वेळ मोजतं. तुम्ही वळसा घालून गेलात तर अ‍ॅपला दिसतं : उशीर.

पातळी 39 च्या वर गेली की सकाळी लॉगिन करण्याआधी जिल्हा प्रशासनाची बंद रस्त्यांची यादी बघा. ऑर्डर त्या बाजूची आली तर शक्यतो स्वीकारण्याआधीच नाकारा. स्वीकारून परत करण्यापेक्षा ते बरं. वाटेत अडलात तर बॅरिकेडचा किंवा पाण्याचा फोटो घ्या, अ‍ॅपमधल्या मदत विभागात त्याच क्षणी 'रस्ता बंद, पाणी आलंय' असं लिहून पाठवा, मग ग्राहकाला फोन करा. क्रम हाच ठेवा. नंतर दंड लागला तर मदत विभागातल्या मेसेजची वेळ दंडाच्या आधीची असते.

आणि पाण्यात गाडी घालू नका. रेटिंग परत मिळवता येतं.

सहावी पायरी : आयडी बंद झाली तर

पहिल्या तासात काय करायचं : स्क्रीनवर जे दिसतं त्याचा फोटो, शेवटच्या दहा ऑर्डरींचा फोटो (दिसत असतील तर), थकलेल्या रकमेचा फोटो. टीएलला फोन केलात तर त्यानंतर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा : 'आत्ता आपलं फोनवर बोलणं झालं, तुम्ही असं म्हणालात.' फोनवरचं बोलणं हवेत जातं.

सेल्फीच्या पडताळणीत अडकून आयडी बंद झालेली असेल तर उजेडात, हेल्मेट आणि रुमाल काढून, कॅमेऱ्याची काच पुसून पुन्हा करा, आणि चुकल्याचा प्रत्येक संदेश टिपून ठेवा. चेहरा ओळखणारी यंत्रं अंधारात, घामानं भिजलेल्या, दाढी वाढलेल्या चेहऱ्याला चुकतात. तो दोष तुमचा नाही, हे लिहून सांगायला लाजू नका.

मग त्याच दिवशी लेखी तक्रार. अ‍ॅपमधलं तिकीट काढाच, पण कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावरही पाठवा. मजकूर असा :

*विषय : आयडी बंद केल्याचं कारण लेखी कळवण्याबाबत आणि माणसाकडून फेरतपासणी करण्याबाबत.*

*माझा रायडर क्रमांक ____ आहे. मी ____ पासून कोल्हापूर झोनमध्ये काम करतो. दिनांक ____ रोजी ____ वाजता माझी आयडी बंद झाली. अ‍ॅपवर दाखवलेलं कारण : ____. स्क्रीनशॉट जोडला आहे.*

*कृपया कळवावं : 1) कोणत्या तारखेच्या, कोणत्या ऑर्डरीबद्दल हा निर्णय झाला. 2) करारातल्या कोणत्या अटीचा भंग झाला. 3) हा निर्णय यंत्रणेनं आपोआप घेतला की माणसानं तपासून. 4) माझी थकलेली रक्कम रुपये ____ कोणत्या तारखेला जमा होईल.*

*माझी बाजू : ____. सोबत त्या दिवशीची नोंद आणि ____ फोटो जोडले आहेत. अधिकाऱ्यानं स्वतः तपासून सात दिवसांत लेखी उत्तर द्यावं ही विनंती.*

मदत विभाग बहुतेक इंग्रजीतच उत्तर देतो, तेव्हा याची इंग्रजी प्रतही तयार ठेवा. राग समजतो मला, मीही त्यातून गेलोय. तरी पत्रात शिवी नको, धमकी नको, घरची अडचणही दोन ओळींच्या वर नको. चार प्रश्न ठसठशीत दिसले पाहिजेत. त्यातला तिसरा कधीही वगळू नका.

तो प्रश्न का, ते सांगतो. इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयानं 2020 च्या 31 डिसेंबरला जेवण पोहोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या 'फ्रँक' नावाच्या अल्गोरिदमबद्दल निकाल दिला. ठरवलेल्या पाळीला न येणाऱ्याचे गुण तो कमी करायचा, मग तो आजारी असो की संपावर असो. कारण न बघता सगळ्यांना एकाच मापानं मोजणं हाच भेदभाव, असं न्यायालय म्हणालं. 2023 च्या एप्रिलमध्ये आम्सटरडॅमच्या अपील न्यायालयानं उबरच्या चालकांच्या प्रकरणात आपोआप घेतलेल्या निर्णयांची माहिती द्यायला सांगितलं. युरोपीय संघानं 2024 मध्ये निर्देशच काढला : आयडी बंद करण्यासारखा निर्णय माणसानंच घ्यायचा, आणि त्याचं कारण लेखी द्यायचं. हे कायदे आपल्याला लागू नाहीत. पण 'माणसानं बघितलं का' हा प्रश्न तिकडे मान्य झालाय, आणि तो लिहून विचारायला आपल्याला कुणी अडवत नाही.

आपल्या अगदी शेजारचंही सांगतो. कागल ओलांडून कोगनोळीला पोहोचलं की कर्नाटक लागतं. तिथं 2025 मध्ये गिग कामगारांचा, म्हणजे अ‍ॅपवरून सुटं काम करणाऱ्यांचा, कायदा झाला. काम बंद करायचं तर लेखी कारण आणि 14 दिवसांची आगाऊ सूचना, आणि काम वाटप, कमाई, रेटिंग कसं ठरतं याची माहिती मागण्याचा हक्क त्यात आहे. निपाणीतल्या रायडरला जे मागता येतं ते कोल्हापूरच्या रायडरला मागता येत नाही, हे मला फार लागतं. आमदार, खासदार मत मागायला आले की हा एकच प्रश्न विचारा.

कारखान्यातल्या हजेरी यंत्राबद्दल थोडं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत आता चेहऱ्याची हजेरी सर्रास आहे. काही ठिकाणी सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन किती मिनिटं थांबलं याचीही आपोआप नोंद होते. इथं तुम्ही कायद्यानं कामगार आहात, तेव्हा तुमचा हक्क रायडरपेक्षा भक्कम आहे.

सगळ्यात जास्त तक्रार एकच ऐकतो : बारा मिनिटं उशीर, आणि सॉफ्टवेअरनं अर्धा दिवस कापला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे गैरहजेरीची कपात गैरहजर असलेल्या वेळेच्या प्रमाणात करायची असते. त्याआधीच्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातही हेच होतं. दंड करायचा तर बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि तो त्या वेतनकाळातल्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. सॉफ्टवेअरमध्ये 'तीन लेट म्हणजे अर्धा दिवस' असा नियम कुणीतरी भरलेला असतो. तो माणूस एचआरमध्ये बसतो आणि तो नियम बदलू शकतो. म्हणून 'सिस्टीमच तशी आहे' हे उत्तर मान्य करू नका. हजेरीचा महिन्याचा तक्ता मागा, आपल्या वहीशी जुळवा, फरक लिहून द्या.

मशीन थांबल्याच्या नोंदीचंही तसंच. थांबलं हे यंत्र सांगतं, का थांबलं ते सांगत नाही. टूल तुटलं, मटेरियल आलं नाही, वीज गेली, की माणूस लघवीला गेला? प्रत्येक थांब्याच्या शेजारी कारण लिहायची सोय मागा. नसेल तर वहीत लिहा आणि पाळी संपताना सुपरवायझरची सही घ्या.

सातवी पायरी : नोंदणी, विमा, आणि कचेऱ्या

सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या पहिल्यांदा आली, आणि तीही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायचे आहेत. लाभासाठी नोंदणी लागते. ती ई-श्रम या सरकारी पोर्टलवर आधारवरून होते, 12 आकडी क्रमांक मिळतो. मदतीचा फोन 14434. केंद्रानं डिसेंबर 2025 मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यात वर्षात एका कंपनीकडे 90 दिवस, किंवा अनेक कंपन्यांत मिळून 120 दिवस काम ही अट आहे. दिवस मोजायचे म्हटल्यावर वहीचं मोल पुन्हा कळेल. ही संहिता आयडी बंद होण्यावर किंवा ऑर्डरीच्या दरावर मात्र काही बोलत नाही. तिच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवून कामगार कचेरीत गेलात तर निराश व्हाल.

माहितीच्या हक्काबद्दल : 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं आपल्याबद्दल कंपनीकडे काय माहिती आहे ते विचारण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिलाय. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि हक्कांची कलमं 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, अमलात येतात. तोवर विनंती म्हणून मागा.

अपघात झाला तर आधी दवाखाना. नंतर, किंवा सोबतच्या कुणीतरी लगेच, अ‍ॅपवर त्या क्षणी ऑर्डर चालू होती हे दाखवणारा स्क्रीनशॉट काढा. कंपनीच्या विम्यात बहुधा सगळा वाद त्यावरच होतो : लॉगिन होता का, ऑर्डर हातात होती का. सीपीआरला गेलात तर अपघाताची पोलीस नोंद झाली का ते विचारून तिचा क्रमांक घ्या. आपल्या गाडीच्या विमा कंपनीला 'डिलिव्हरीच्या कामात गाडी वापरली तर चालतं का' हे आधीच लेखी विचारून ठेवा. आणि बँकेत वर्षाला 20 रुपये भरून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घ्या, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण आहे. वीस रुपयांसाठी हे टाळलेली घरं मी बघितलीत.

पैसे थकले, पत्रांना उत्तर नाही, अशा वेळी दोन ठिकाणं. कारखान्यातल्या कामगारांनी सहायक कामगार आयुक्तांची कचेरी. रायडर आणि इतरांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो, फोन 15100. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात आहे. वरच्या कोर्टाची पाळी आलीच तर आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

जाताना सोबत न्या : वही, महिन्यानुसार छापलेले स्क्रीनशॉट, बँकेचा उतारा, कराराची प्रत, कंपनीला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, आधार आणि ई-श्रम कार्ड. अर्ज दोन प्रतींत लिहा. एक आत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.